लंडनमधली 'लिबरल ते कॉन्झर्व्हेटिव्ह' पायी टूर : बाबांना घेऊन गेले होते, साडेतीन स्टार

आधीच सांगते, ही टूर मी स्वतःसाठी बुक केलीच नव्हती. बाबा निफाडहून दीड महिन्यासाठी आलेत, लंडन आय झालं, टॉवर ब्रिज झाला, म्युझियम झालं (दर दालनात एकदा "हे तर आपलंच उचलून आणलंय" हेही झालं), आणि तिसऱ्या आठवड्यात ते सोफ्यावर बसून दिवसभर मोबाईलवर लासलगावचे कांद्याचे भाव बघायला लागले. म्हटलं यांच्या डोक्याला काहीतरी खुराक पाहिजे. बाबा म्हणजे १९८० च्या कांदा आंदोलनात रस्त्यावर बसलेला माणूस, शरद जोशींच्या संघटनेचा लाल बिल्ला अजून कपाटात जपून ठेवलाय, आमच्या घरी शुभंकरोती आणि 'भीक नको, हवे घामाचे दाम' एकाच वयात पाठ झालं. त्यामुळं 'नवउदारमतवाद लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह यांच्यामधे नेमका कुठं बसतो ते चालत चालत समजून घ्या' अशी टूर दिसली (नवउदारमतवाद म्हणजे ढोबळमानानं बाजार मोकळा ठेवा, सरकारनं भाव ठरवू नयेत असं म्हणणारा विचार) आणि लगेच दोन तिकिटं काढली. मला २० पाउंड, बाबांना साठीच्या वरचे म्हणून १६. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढं तक्रारी आहेत आणि माणूस वाईट नव्हता.

तीन तास, चार-साडेचार किलोमीटर, आम्ही अकरा जण आणि एक गाईड. गाईड सत्तरीचे, रिटायर्ड इतिहासाचे मास्तर, आवाज खणखणीत. ईमेलमधे भेटायची जागा एक आणि मॅपवरची पिन दुसरीकडं, त्यामुळं आम्ही दहा मिनिटं चुकीच्या दारात उभे. कानात घालायचा जो हेडसेट देतात तो बाबांचा पहिल्या स्टॉपलाच मेला, मग पुढचे अडीच तास मी फुकटची दुभाषी.

सुरुवातीलाच प्रत्येकाच्या हातात एक लॅमिनेट केलेलं कार्ड दिलं. त्यावर एक आडवी रेघ, डाव्या टोकाला लिबरल, उजव्या टोकाला कॉन्झर्व्हेटिव्ह आणि बरोब्बर मधे लाल ठिपका, म्हणजे नवउदारमतवाद. बाबांनी कार्ड उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे नाशिक आणि निफाडच्या मधे चांदोरी, तसं." मी म्हटलं हो तसंच. टूर संपेपर्यंत ही चांदोरी काही जागेवर राहिली नाही, आणि माझी मुख्य तक्रार त्याच कार्डाबद्दल आहे.

पहिला स्टॉप हाउटन स्ट्रीट, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. इथं गाईड खरोखर रंगात आले आणि टूरचे निम्मे पैसे इथंच वसूल झाले असं मी म्हणेन. खुल्या बाजाराचे मोठे पुरस्कर्ते अर्थतज्ज्ञ फ्रिडरिक हायेक व्हिएन्नाहून १९३१ मधे इथं शिकवायला आले ते सांगितलं, पण मजा पुढच्या गोष्टीत. १९४५ मधे अँटनी फिशर नावाचा एक तरुण, युद्धात विमान चालवून आलेला, हायेकच्या पुस्तकाचा रीडर्स डायजेस्टमधला सारांश वाचून इतका पेटला की थेट इथं त्यांना भेटायला आला आणि म्हणाला मला राजकारणात उतरायचंय. हायेक म्हणाले, उतरू नकोस, राजकारणी लोक मागून येतात, आधी मास्तर, पत्रकार, लिहिणारी-वाचणारी माणसं यांची मतं बदलायला हवीत. मग फिशरनं काय केलं, तर कोंबड्या पाळल्या. अमेरिकेत ब्रॉयलरची पद्धत बघून आला, इकडं मोठी पोल्ट्री काढली, आणि १९५५ मधे इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक अफेअर्स नावाची संस्था काढली, तिला पैसा या कोंबड्यांचा. बाबांना मी हे सांगितलं तर ते रस्त्यातच थांबले. "कोंबडीच्या पैशावर विचार? आपल्याकडं कोंबडीच्या पैशावर फार तर ट्रॅक्टर येतो."

नावाचा इतिहासही इथंच सांगितला आणि तो बऱ्याच जणांना माहीत नसतो म्हणून लिहिते. 'नवउदारमतवाद' ही विरोधकांनी दिलेली शिवी असं आपण धरून चालतो, पण ऑगस्ट १९३८ मधे पॅरिसला पंचवीसेक विद्वान जमले, हायेक आणि ऑस्ट्रियाचेच अर्थतज्ज्ञ मिझेस त्यांच्यातच, आणि त्या बैठकीत हे नाव त्यांनी स्वतःच पसंत केलं. एकीकडं स्टालिन, एकीकडं हिटलर, आणि १९२९ च्या मंदीनंतर 'सरकारनं हात काढून घ्या, सगळं आपोआप होईल' असं म्हणायची कोणाची हिंमत नाही. तर 'नव' कशासाठी, तर बाजार आपोआप उगवत नाही, त्याला कायदा लागतो, चलन लागतं, मक्तेदारी मोडणारा कुणीतरी लागतो, म्हणजे सरकार लागतंच, फक्त त्यानं भाव ठरवायचे नाहीत. मग १९४७ मधे स्वित्झर्लंडात माँ पेलरँला हायेकनी पुन्हा सगळ्यांना गोळा केलं, तिथं मिझेस भर बैठकीतून 'तुम्ही सगळे समाजवादी आहात' म्हणत उठून गेले, ही आठवण खुल्या बाजाराचे कट्टर पुरस्कर्ते अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन सांगायचे. फ्रीडमनना समाजवादी म्हणणारा माणूसही जगात होता हे ऐकून आमच्या ग्रुपमधला एक स्पॅनिश मुलगा फिस्सकन हसला.

आता पहिली खरी तक्रार. अर्धा तास या इमारतींसमोर उभं करून गाईडनी आंबेडकरांचं नावसुद्धा घेतलं नाही. मी विचारलं तेव्हा "ऑफ कोर्स, ऑफ कोर्स" एवढंच. अहो, रुपयाच्या प्रश्नावर इथंच डॉक्टरेट केली त्यांनी, एडविन कॅनन यांच्या हाताखाली, आणि तेव्हाच्या वर्षांत लायनेल रॉबिन्स पण कॅननचाच विद्यार्थी म्हणून इथं शिकत होता, आणि ह्याच रॉबिन्सनं पुढं हायेकना लंडनला आणलं. तुमच्या स्वतःच्या गोष्टीतला धागा आहे हा, आमची भावनिक मागणी नाहीये. आत आंबेडकरांचा अर्धपुतळा आहे, बाबांना बघायचा होता, वेळ नाही म्हणाले.

दुसरा स्टॉप व्हाइटहॉल प्लेस, नॅशनल लिबरल क्लब. बाहेरूनच. (सगळे क्लब बाहेरूनच आहेत, जाहिरातीत ते बारीक अक्षरात लिहिलंय, मोठ्या अक्षरात लिहा.) इथं लिबरल म्हणजे कोण ते समजावलं आणि बरं समजावलं. जुने लिबरल म्हणजे ग्लॅडस्टनवाले (एकोणिसाव्या शतकातले त्यांचे पंतप्रधान), खुला व्यापार, कमी कर, चर्च आणि राजा यांची पकड सैल करा. मग १९०८ मधे त्याच पक्षाच्या सरकारनं म्हाताऱ्यांना पेन्शन आणली, १९०९ मधे लॉइड जॉर्जनी श्रीमंतांवर कर बसवणारं बजेट मांडलं, आणि पुढं सरकारनं खर्च करून मंदी मोडावी म्हणणारे केन्स काय, कल्याणकारी योजनांचा आराखडा मांडणारे बेव्हरिज काय, दोघंही लिबरलच. म्हणजे घर एक आणि भाऊ दोन. एक म्हणतो पोट भरल्याशिवाय कसलं आलंय स्वातंत्र्य, दुसरा म्हणतो माझ्या खिशात हात घातलास की गेलं स्वातंत्र्य. हायेक हा दुसऱ्या भावाच्या बाजूचा. अमेरिकेत 'लिबरल' म्हटलं की पहिला भाऊच समजतात, म्हणून तिकडचे लेख वाचून इकडं वाद घालायला गेलं की हमखास गोंधळ होतो.

इथं मी बाबांना आपल्या बाजूची भर घातली, कारण गाईड घालणार नव्हते. मराठीत लिबरल म्हटलं की आधी मवाळ आठवतात, रानडे, गोखले. आणि रानड्यांनी तर १८९२ मधेच पुण्यात भाषण देऊन सांगितलं होतं की इंग्रजांचं खुल्या बाजाराचं शास्त्र हिंदुस्थानला जसंच्या तसं लागू होत नाही. त्याच साली दादाभाई नौरोजी इथल्या फिन्सबरीतून हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या मतांनी खासदार झाले, लिबरल पक्षाचे. आणि तीन वर्षांनी मुंबईचेच दुसरे पारशी, मंचरजी भावनगरी, बेथनल ग्रीनमधून कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे खासदार. एक गाव, एक समाज आणि दोन टोकं, या टूरला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण कुठं मिळणार होतं? मी हे गाईडना सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. अर्धा स्टार त्या वहीसाठी वाढवलाय.

तिसरा स्टॉप पाल मालवरचा रिफॉर्म क्लब, हाही मूळचा लिबरलांचाच, आणि टूरमधला सगळ्यात जोरदार वाद इथं झाला, तोही बाबांमुळं. गाईड कॉर्न लॉजबद्दल सांगत होते, म्हणजे परदेशी धान्यावर जबर कर लावून इथल्या जमीनदारांच्या गव्हाला भाव टिकवणारे कायदे, ते १८४६ मधे रद्द झाले. रद्द केले पंतप्रधान पील यांनी, जो स्वतः कॉन्झर्व्हेटिव्ह, आणि त्यामुळं त्याचाच पक्ष उभा फुटला. खुल्या बाजारवाल्यांचा पहिला मोठा विजय, भाकरी स्वस्त, कामगार खूश, असं ते खुलून सांगत होते. बाबा माझ्याकडं वळले. "थांब गं, आयात खुली केली? मग शेतकऱ्याच्या भावाचं काय?" मी तसंच विचारलं. गाईड म्हणाले तुमचे वडील तर खुल्या बाजाराच्या बाजूचे ना. आता बाबा निर्यातबंदीच्या विरोधात आयुष्य घालवलेला माणूस, २०२३ च्या डिसेंबरात कांद्यावर बंदी आली तेव्हा चार दिवस नीट जेवले नव्हते. सरकारनं हात लावू नये हे त्यांचं म्हणणं, पण दार बाहेरून आत उघडलं तर? बाबा थोडा वेळ फुटपाथकडं बघत राहिले आणि म्हणाले, "जोशीसाहेब म्हणायचे दोन्ही बाजूंनी उघडा. सभेत पटायचं. बांधावर आल्यावर नाही पटायचं." मी हे भाषांतर करून सांगितलं तर गाईड म्हणाले, पीलच्या पक्षातल्या जमीनदारांना नेमकं हेच वाटत होतं. पाच मिनिटं त्या दोघांचं माझ्या डोक्यावरून चाललं होतं, एक इंग्रजीत, एक निफाडीत, आणि दोघांना एकमेकांचं कळत होतं.

चौथा स्टॉप सेंट जेम्सेस स्ट्रीटवरचा कार्लटन क्लब, कॉन्झर्व्हेटिव्हांचा. हा आधी पाल मालवर रिफॉर्मच्या शेजारीच होता, १९४० मधे जर्मन बॉम्बनं उडाला म्हणून इकडं आला. १९७५ मधे थॅचरबाई पक्षाच्या नेत्या झाल्या तेव्हा क्लबमधे बायकांना पूर्ण सभासदत्वच नव्हतं, मग त्यांना मानद सभासद करून घेतलं. परंपराही मोडली नाही आणि बाईही आत आल्या, कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे काय हे याच्याइतकं थोडक्यात कुणी सांगू शकणार नाही.

गाईड म्हणाले इथं तो लाल ठिपका येऊन बसला. आणि इथं माझं डोकं सटकलं. कारण त्यांनीच पुढं दिलेली माहिती त्या कार्डाला उलटी जात होती. थॅचरबाईंनी पंतप्रधान झाल्यावर वरच्या उत्पन्नावरचा कर ८३ टक्के होता तो १९८८ पर्यंत ४० वर आणला, १९८४ मधे सरकारी टेलिकॉम कंपनी विकली, १९८६ मधे गॅस, १९८९ मधे पाणी, हे जुन्या लिबरलाच्याही पुढचं. खरे जुने कॉन्झर्व्हेटिव्ह यावर नाराज, माजी पंतप्रधान मॅकमिलन १९८५ मधे भाषणात म्हणालेच की आधी घरातली चांदी जाते, मग फर्निचर, मग भिंतीवरची चित्रं. पण त्याच बाईंनी १९८६ मधे लंडनची निवडून आलेली ग्रेटर लंडन कौन्सिल बरखास्तच केली, १९८८ मधे शाळांतून समलैंगिकतेला 'प्रोत्साहन' द्यायला कायद्यानं मनाई केली, हे कुठल्या लिबरलाला चालेल? मग हा ठिपका 'मधे' कसा? मधे असता तर दोन्हीकडचं थोडं थोडं, फिक्कं फिक्कं असतं. हा तर बाजाराच्या बाबतीत लिबरलाहून लिबरल आणि सरकारी दंडुक्याच्या बाबतीत कॉन्झर्व्हेटिव्हाहून कडक. स्वैपाक एका घरचा, ताट दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेलं, आणि वर दोन्ही घरांशी भांडण.

मी गाईडना म्हटलं की खुद्द हायेकनीच १९६० च्या त्यांच्या पुस्तकाच्या शेवटी 'मी कॉन्झर्व्हेटिव्ह का नाही' असा वेगळा लेख जोडलाय आणि त्यात लिहिलंय की या विचारांना एका रेषेवर मांडणंच चूक, मांडायचंच तर त्रिकोण काढा, एका कोपऱ्यात कॉन्झर्व्हेटिव्ह, एकीकडं ओढणारे सोशालिस्ट, तिसरीकडं लिबरल. कॉन्झर्व्हेटिव्हांबद्दल त्यांची तक्रार हीच की हे लोक गाडीला ब्रेक लावतात, स्वतः वळण काही सुचवत नाहीत. स्वतःला ते जुना व्हिग म्हणवायचे, म्हणजे लिबरल पक्षाच्या पूर्वजांपैकी. गाईड हसून म्हणाले, "त्रिकोण कार्डावर समजावायला अवघड जातो." अवघड काय त्यात, तीन रेघा आहेत. बाबांनी खिशातलं बॉलपेन काढून कार्डावर वर एक तिसरा ठिपका काढला सुद्धा, लॅमिनेशनवर उमटला नाही ती गोष्ट वेगळी.

(आता कंसात घरचं. संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या सभेत बायकोच्या नावावर जमीन करा म्हटल्यावर बाबांनी जोरात टाळ्या वाजवल्या होत्या, आईनं सांगितलेलं. सातबारा आजही बाबांच्याच नावावर आहे. कांद्यापुरते हायेक आणि उंबऱ्याच्या आत कार्लटन क्लब. हे मी तिथं बोलले नाही, इथं लिहितेय कारण बाबा रिव्ह्यू वाचत नाहीत.)

मग सेंट जेम्सेस पार्क, पाऊस, बदकं. या टप्प्यात काहीही सांगितलं जात नाही, नुसतं चालायचं. दोन तास होऊन गेले तरी एकही टॉयलेट ब्रेक ठेवलेला नाही, साठीच्या वरच्यांना सवलत देता तर त्यांच्या ब्लॅडरचाही विचार करा की. एका पबमधे शिरलो, बाबा म्हणे काही घेतल्याशिवाय आत जाणं बरं दिसत नाही, म्हणून साडेतीन पाउंडाची लिंबू घातलेली पाण्याची बाटली. तोवर ग्रुप पुढं गेलेला.

शेवटचा स्टॉप लॉर्ड नॉर्थ स्ट्रीट आणि हा मात्र सुरेख. छोटीशी गल्ली, जुनी तपकिरी विटांची घरं, भिंतींवर युद्धाच्या वेळची पुसट झालेली पाटी अजून आहे, फुटपाथखालच्या तळघरात आसरा आहे असं सांगणारी, आणि दोन नंबरच्या दारात ती कोंबड्यांच्या पैशावर उभी राहिलेली संस्था. दार इतकं साधं की बाबा म्हणाले, "हे तर आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीचं ऑफिस वाटतंय." ती चालवणारे दोघं, राल्फ हॅरिस आणि आर्थर सेल्डन, त्यातला पहिला कॉन्झर्व्हेटिव्हांच्या बाजूनं निवडणुकीला उभा राहिलेला, दुसरा लिबरल पक्षातला. पुस्तिका छापायच्या, वाटायच्या, वीस वर्षं कुणी विचारलं नाही आणि मग थॅचरबाई आल्या. गल्लीच्या टोकाला स्मिथ स्क्वेअर, तिथं ३२ नंबरला कॉन्झर्व्हेटिव्हांचं मुख्यालय होतं, १९७९ च्या विजयाची रात्र तिथलीच. त्या इमारतीत नंतर युरोपियन युनियनचं ऑफिस आलं. यावर गाईड काही बोलले नाहीत, नुसते भुवई उडवून उभे राहिले, फार छान जमलं त्यांना ते.

माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर आणि त्यांच्या लेबर पार्टीबद्दल शेवटची पाच मिनिटं ठेवली होती, तीही घाईत. १९९७ मधे आल्या आल्या बँक ऑफ इंग्लंडला व्याजदर ठरवायची मोकळीक लेबरनंच दिली, हे सांगितल्यावर तो ठिपका कार्डाच्या बाहेर, पार तिसऱ्या पक्षाच्या अंगणात गेला ना. कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान लिझ ट्रस यांचा २०२२ चा, कर्ज काढून कर कमी करणारा मिनी बजेट एका वाक्यात उरकला, तेव्हा त्यांच्याच पक्षातले लोक कसे उलटले यावर खरं तर आणखी एक स्टॉप होऊ शकतो. आपल्याकडच्या खाउजाबद्दल, म्हणजे १९९१ नंतरच्या खासगीकरण-उदारीकरण-जागतिकीकरणाबद्दल, मी अपेक्षाच ठेवली नव्हती, लंडनची टूर आहे.

तर साडेतीन स्टार. गोष्टी सांगण्याला साडेचार, कार्डाला एक, हेडसेटला शून्य. पैसे फुकट गेले असं नाही, बाबा त्या रात्री जेवताना पील आणि जोशीसाहेब यांच्यावर पाऊण तास बोलले आणि लासलगावचे भाव बघायचे विसरले.

जाणार असाल तर : सकाळची बॅच घ्या, ईमेलमधला पत्ता पाळा आणि पिनकडं दुर्लक्ष करा, इंग्रजी कमी समजणारं कुणी बरोबर असेल तर सुरुवातीलाच दुसरा हेडसेट मागून घ्या, त्यांच्याकडं एक्स्ट्रा असतात हे मला शेवटी कळलं. छत्री हवीच. आणि हाउटन स्ट्रीटवरून निघायच्या आधी टॉयलेटला जाऊन या, पुढं थेट त्या महागड्या पाण्याच्या बाटलीपाशीच सोय आहे.